वाकलेलं हँडल ठोकून सरळ करू नका! बाईकचं हँडल पहिल्यांदाच बदलताना काय काय बघायचं?

यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचं नेर. तालुक्याचं गाव. आजूबाजूला कापूस, सोयाबीन आणि तूर. इथे मोटारसायकल फक्त फिरायला नसते. सकाळी तिच्यावर दुधाची कॅन जाते, दुपारी फवारणीचा पंप आणि संध्याकाळी घरचं किराणा सामान. पावसाळ्यात पांदण रस्त्याने वावरात जायचं म्हणजे काळ्या मातीचा चिखल आलाच. चाक घसरतं, गाडी आडवी होते. माणूस कपडे झटकून उठतो, गाडी उचलतो आणि मग लक्षात येतं, हँडल वाकलंय.

अशा वेळी दोनच उपाय आपल्याला माहीत असतात. एक तर तसंच चालवत राहायचं, नाहीतर हँडलच्या टोकात लांब पाईप घालून ते उलट्या बाजूला ताणून सरळ करून घ्यायचं. पाच मिनिटांचं काम, खर्चही नाही.

अडचण अशी की हेच हँडल दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या रस्त्यावर, समोरून एसटी आणि मागून ट्रक येत असताना, तुमच्या हातात असतं.

बैलगाडीचा कासरा तुटायला आला तर शेतकरी त्याला गाठ मारून भरलेली गाडी बाजाराला नेत नाही, कासरा बदलतो. बाईकचं हँडल म्हणजे तिचा कासराच. ते बदलणं फार अवघड नाही आणि नवं हँडल बहुतेक साध्या गाड्यांसाठी काहीशे रुपयांत मिळतं. पण पहिल्यांदाच बदलत असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: हँडल बसवणं हे सोपं काम आहे, बसवायच्या आधी आणि नंतर तपासणं हे खरं काम आहे.

सरळ केलेलं हँडल धोक्याचं का?

घरात बांधणीची तार असेल तर करून बघा. एकदा वाकवा, पुन्हा सरळ करा, पुन्हा त्याच जागी वाकवा. काही वेळाने ती तिथेच तुटते. लोखंडाचं असंच आहे. एका मर्यादेपलीकडे वाकलं की त्याच्या आतली रचना कायमची बदलते. उलटं वाकवलं की त्याच जागेवर दुसऱ्यांदा ताण येतो.

त्यात बाईकचं हँडल पोकळ असतं. पोकळ नळी वाकते तिथे थोडी चपटी होते. सरळ केल्यावर ती वरून नीट दिसते, पण तिची गोलाई पूर्वीसारखी राहत नाही. वरच्या क्रोमखाली बारीक चीर गेली असेल तर ती डोळ्यांना दिसतही नाही. पाणी आत जातं, गंज धरतो.

आणि हँडलवर भार फक्त वळवतानाच येतो असं नाही. जोरात ब्रेक मारला की तुमच्या अंगाचा बराचसा भार दोन्ही हातांतून हँडलवर जातो. खड्ड्यात चाक आदळलं की तो धक्काही तिथेच पोचतो. म्हणजे हँडल तुटायचंच झालं तर ते नेमकं ब्रेक मारताना किंवा खड्ड्यात तुटण्याची शक्यता जास्त. ॲल्युमिनियमचं हँडल असेल तर ते सरळ करण्याचा विचारसुद्धा करू नये.

आधी खात्री करा: वाकलंय ते हँडलच का?

नवं हँडल आणायला जाण्याआधी ही तपासणी करा. गाडी पडल्यावर हँडल वाकडं दिसण्याची तीन वेगवेगळी कारणं असू शकतात.

पहिलं कारण, हँडलची नळीच वाकली. समोर उभं राहून बघा. डावी आणि उजवी बाजू उंचीला किंवा कोनाला वेगळी दिसते का? मधल्या पकडीपासून दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर सुतळीने मोजा. फरक आला तर नळी वाकली आहे.

दुसरं कारण, नळी ठीक आहे, पण पुढचा फोर्क पिळला गेला आहे. फोर्क म्हणजे पुढचे दोन शॉकअप, ज्याला बरेच जण चिमटा म्हणतात. यात हँडल सरळ धरलं की चाक तिरकं दिसतं. नुसताच पीळ असेल तर मेकॅनिक फोर्क धरणारे बोल्ट सैल करून तो काढतो. नवं हँडल घ्यायची गरजच पडत नाही.

तिसरं कारण सगळ्यात गंभीर. फोर्कचा रॉड किंवा ज्यावर हँडल फिरतं तो मधला दांडा वाकला आहे. गाडी एका बाजूला ओढते, हँडल एखाद्या जागी अडकतं, शॉकअप दाबला की घासतो. नवं हँडल बसवून हा दोष जात नाही, फक्त झाकला जातो. हे घरी करायचं काम नाही. गाडी चांगल्या वर्कशॉपमध्येच न्या.

सोबत आणखी एक बघा. गाडी डबल स्टँडवर लावा, कुणाला तरी मागून दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि फोर्कचं खालचं टोक धरून पुढे-मागे हलवा. खडखड झाली तर कोनसेट सैल किंवा खराब आहे. तेही आधी करून घ्या.

नवं हँडल घेताना

स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिनासारख्या गाड्यांना एकसंध नळीचं हँडल असतं. मधोमध दोन पकडी आणि चार बोल्टांवर ते बसतं. या लेखात आपण याच प्रकाराबद्दल बोलतोय. पल्सर 220 सारख्या गाड्यांना दोन वेगळे तुकडे असतात आणि ते फोर्कच्या दोन्ही नळ्यांना धरलेले असतात. त्याला क्लिप-ऑन म्हणतात. त्यात वाकलेला एकच तुकडा बदलता येतो, पण ते बसवायची पद्धत वेगळी आहे.

बहुतेक हँडलची मुठीकडची जाडी 22 मिलिमीटर असते. पण जाडी जुळली म्हणजे सगळं जुळलं असं नाही. शक्य असेल तर जुनं हँडल सोबत न्या किंवा गाडीचं नाव, मॉडेल आणि वर्ष सांगून त्याच गाडीचं मागा. दोन्ही शेजारी ठेवून चार गोष्टी बघा: रुंदी, उंची, मधला खरखरीत भाग आणि स्विचसाठी असलेली बारीक भोकं.

पकडीत बसणारा मधला भाग खरखरीत असतो, कारण तिथे हँडल घसरून फिरू नये. तो गुळगुळीत असेल किंवा चुकीच्या जागी असेल तर ते हँडल घेऊ नका.

स्विचच्या आत एक बारीक खुंटी असते. ती हँडलच्या भोकात बसते म्हणून स्विच जागचा हलत नाही. नव्या हँडलला भोक नसेल तर काही जण ती खुंटीच कापून टाकतात. मग इंडिकेटरचं बटण दाबताना अख्खा स्विच फिरतो. ॲक्सिलरेटरकडचा स्विच फिरला तर त्यातली वायरही ओढली जाते. म्हणून भोक असलेलंच हँडल घ्या.

मोठं, उंच हँडल लावलं तर?

पहिल्यांदा हँडल बदलताना बऱ्याच जणांच्या मनात येतं, बदलतोच आहे तर जरा रुबाबदार लावू. इथे थांबा.

हँडल उंच किंवा रुंद झालं की क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, ब्रेकची वायर किंवा होज, स्विचच्या वायरी, सगळं लांब लागतं. मूळ लांबीच्या वायरी ताणून बसवल्या तर गाडी उभी असताना सगळं छान चालतं आणि पूर्ण वळवल्यावर क्लच आपोआप ओढला जातो किंवा रेस वाढते.

हँडल अरुंद केलं तर उलटा प्रकार. मधल्या दांड्यापासून हात जितके जवळ, तितका वळवायला जोर जास्त. लांब दांड्याच्या पान्याने नट सहज सुटतो आणि आखूड पान्याने सुटत नाही, तसंच हे.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच अधोरेखित केलं. 2019 च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182 अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ मापाचं हँडल काढून त्याच मापाचं नवं बसवणं ही दुरुस्ती झाली. गाडीचं रूपच बदलणारं हँडल लावायचं मनात असेल तर आधी आरटीओत विचारा. नेरवाल्यांसाठी ते यवतमाळला, म्हणजे एमएच 29.

काम सुरू करण्याआधी

जागा सपाट आणि पक्की हवी. अंगणात काळी माती असेल तर डबल स्टँड रुततं, म्हणून खाली फरशी किंवा जाड फळी घाला. पेट्रोलच्या टाकीवर जुनी गोधडी टाका. पाना निसटून टाकीवर पडला की चरा कायमचा.

मग मोबाईल काढा आणि फोटो घ्या. कोणती वायर कुठून जाते, कशाच्या पुढून, कशाच्या मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून. दहा-बारा फोटो काढा. दोन तासांनी "ही वायर कुठून होती रे?" हा प्रश्न पडणारच आहे.

गाडी बंद करा, चावी काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा, म्हणजे स्विच उघडताना शॉर्ट व्हायची भीती नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि गाड्यांमध्ये सेन्सर आणि वायरिंग वाढलं. त्यामुळे नव्या गाडीत ही काळजी जास्त घ्यायची.

जुनं हँडल काढताना

1. आरसे काढा. काही गाड्यांमध्ये उजव्या आरशाचा आटा उलटा असतो. सहज फिरत नसेल तर जोर न लावता दुसऱ्या बाजूला फिरवून बघा.

2. टोकांची वजनं असतील तर काढा. ती शोभेची नसतात, हँडलची थरथर कमी करतात. म्हणून परत बसवायची आहेत.

3. डावी मूठ काढा. मुठीखाली बारीक पेचकस सरकवून साबणाचं पाणी सोडा आणि मूठ फिरवत बाहेर ओढा. ब्लेडने कापलीत तर नवी घ्यावी लागेल.

4. डावीकडचा स्विच आणि क्लच लिव्हरचा योक सैल करा. क्लच वायर पूर्ण काढायची गरज बहुतेकदा पडत नाही.

5. उजवीकडे स्विचचे स्क्रू काढून तो उघडा, ॲक्सिलरेटर वायरचं टोक खाचेतून सोडवा आणि मूठ सरकवून काढा.

6. पुढचा ब्रेक डिस्क असेल तर ऑइलची डबी, म्हणजे मास्टर सिलेंडर, दोन बोल्टांवर असते. ती होजसकट अलगद बाजूला घ्या आणि दोरीने उभीच बांधून ठेवा. होजवर लटकू देऊ नका, उलटी करू नका, होज सोडू नका. होज सुटला की सिस्टममध्ये हवा जाते आणि ब्रेक पोकळ होतो. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

7. शेवटी मधल्या पकडीचे चार बोल्ट काढा. हँडल हातात येईल.

नवं बसवताना

हँडल पकडीत ठेवा, वरच्या पकडी लावा आणि चारही बोल्ट हाताने फिरवून अर्धवट बसवा. बऱ्याच हँडलवर पकडीच्या कडेशी जुळवायची खूण असते आणि पकडीवर पुढची बाजू दाखवणारा ठिपका. त्या असतील तर जुळवा. नसतील तर जुना फोटो बघा.

आता गाडीवर बसा. नेहमीसारखे बसा, ताठ नाही. हात टेकवा. मनगट वर किंवा खाली मोडत असेल तर हँडल थोडं पुढे-मागे फिरवून बघा. मग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. मूठ आणि टाकीमध्ये बोटं चेपत नाहीत ना? हे समाधान झाल्यावरच बोल्ट आवळा.

बोल्ट आवळताना एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. चारही थोडे थोडे, आळीपाळीने. किती घट्ट, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं. 25 न्यूटन मीटर म्हणजे 25 सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण 10 किलोचा जोर. नेमका आकडा मात्र आपल्याच गाडीचा बघा. आणि "जितकं घट्ट तितकं चांगलं" हे इथे चालत नाही. जास्त आवळलं की पकडीचे आटे जातात आणि मग बोल्ट कधीच नीट बसत नाही. टॉर्क पाना नसेल तर एवढं एक काम ओळखीच्या मेकॅनिककडून करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

यानंतर सगळं उलट क्रमाने बसवा. मूठ घालताना ग्रीस किंवा ऑइल लावायचा मोह होतो. लावू नका. ऑइल आतच राहतं आणि मूठ हातात फिरायला लागते. डावी मूठ मुठीसाठी मिळणाऱ्या चिकट द्रावणाने बसवा आणि रात्रभर सुकू द्या. दोन्ही लिव्हर अशा कोनात ठेवा की बसल्यावर हात आणि बोटं सरळ रेषेत येतील.

आता खरं काम: सात तपासण्या

सगळं बसलं की माणसाला लगेच चक्कर मारायची घाई होते. ती दहा मिनिटं थांबवा. बॅटरीची वायर जोडा आणि एकेक तपासा.

एक. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठे अडतं का? कोणती वायर ताणते किंवा चिमटते का? हँडल लॉक लागतं का?

दोन. सगळ्यात महत्त्वाची तपासणी. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करा, मूठ सोडून द्या आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या. इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटर वायर ताणली जाते आहे किंवा चुकीच्या वाटेने गेली आहे. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. भर चौकात वळताना ती आपोआप पळेल.

तीन. मूठ पिळून सोडा. ती "टक" करून स्वतःच मागे आली पाहिजे, हँडलच्या प्रत्येक स्थितीत. सुरुवातीला 2 ते 6 मिलिमीटरची मोकळी चाल असावी.

चार. क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल असावी. नसेल तर क्लच घसरतो आणि प्लेटा जळतात.

पाच. ब्रेक लिव्हर जोरात दाबून धरा. तो मुठीला टेकला नाही पाहिजे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसच्या मोटारसायकलमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यामुळे पुढची ब्रेक वायर हलवली असेल तर पायाचा ब्रेकही तपासा.

सहा. हॉर्न, अप्पर-डिप्पर, दोन्ही इंडिकेटर आणि पुढचा ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा. हा शेवटचा दिवा बहुतेक जण विसरतात. लिव्हरखालच्या बारीक स्विचची वायर निघालेली असते आणि मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही ब्रेक मारल्याचं कळतच नाही.

सात. पुढचं चाक भिंतीला टेकवा आणि हँडलवर दोन्ही हातांनी अंगाचा भार टाका. ते पकडीत किंचितही फिरलं तर बोल्ट सैल आहेत.

पहिली फेरी गल्लीतच

सगळं ठीक असेल तर आधी घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, 20 च्या वेगात. दोन-चार वेळा ब्रेक मारा, दोन्हीकडे वळा. नवं हँडल मूळ मापाचं असलं तरी हाताला वेगळं वाटतं, कारण आपल्याला वाकड्याची सवय झालेली असते. 50 ते 100 किलोमीटर झाले की चारही बोल्ट पुन्हा एकदा तपासा.

एक सवय मात्र नव्या हँडलसोबत सोडा. जड पिशव्या हँडलला लटकवायची. एका बाजूला पाच किलो लटकले की गाडी सतत तिकडे ओढते आणि अचानक वळावं लागलं की पिशवी फोर्कमध्ये अडकते.

आणि जुनं वाकलेलं हँडल? "कधीतरी कामी येईल" म्हणून सांदीत ठेवू नका. कुणीतरी ते सरळ करून दुसऱ्या गाडीला लावेल. थेट भंगारात द्या. देण्याआधी मधोमध कापून टाका, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या हातात येणार नाही.